नामा केणे आणि शुक्रवारची लाईन

परवा कोन गावात एका लग्नात जेवायला बसले होते. मांडवातला पंखा फिरता फिरता बंद पडला, तशी वाढणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "नामाचा डबा लावलाय वाटतं." अख्खी पंगत खदाखदा हसली. माझं डोकं सणकलं. पानावरून उठूनच जाणार होते, पण जिलबी यायची होती म्हणून बसले. घरी आल्यावर मात्र ठरवलं की आता पुरे. वर्षभर मूग गिळून गप्प राहिले, ते नामाने सांगितलं म्हणून. आता तो रागावला तरी चालेल, मी सांगणार.

मी विद्युल्लता. नावात वीज आहे म्हणून की काय, भिवंडीतल्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. नामा केणे माझ्या पहिल्या वर्षीचा विद्यार्थी, अंजूरहून यायचा. नववीत मी त्याला शंभरात अकरा मार्क दिले, तेही हात सैल सोडून. तो जो शाळेतून गेला तो थेट लूमच्या कारखान्यात. पंधरा वर्षं लूम चालवले आणि दोन्ही कान तिथेच ठेवून आला. चोवीस लूम एका छपराखाली खटखटायला लागले की माणसं एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलतात. नामा अजूनही तसंच ऐकतो. समोर उभं राहून तोंड नीट हलवलंत तर त्याला सगळं कळतं. पाठमोऱ्या नामाला संध्याकाळपर्यंत हाका मारत बसा, तो वळायचा नाही. काही लोक म्हणतात, त्याला सोयीचं तेवढंच कळतं. तेही खोटं नाही.

पुढे त्याने मोटर रिवाइंडिंग शिकून घेतलं. जळलेल्या मोटरमधली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, एवढंच काम. पण भिवंडीत लूमच्या मोटरी इतक्या जळतात की त्यावर घर चालतं. ब्राह्मण आळीतल्या आमच्या घराचा तळमजला मी त्याला दिला. वर मी, खाली तो आणि वार्निशचा वास.

दुकानाच्या भिंतीवर त्याने खडूने गावांची नावं लिहून ठेवली होती आणि प्रत्येक गावापुढे दोन आकडे. अंजूर एकशे नव्वद, शुक्रवारी दोनशे बावन्न. काल्हेर दोनशे दहा, शुक्रवारी दोनशे अठ्ठेचाळीस. शुक्रवारी लूम बंद असतात, सगळी वीज मोकळी होते आणि लाईन चढते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण नामाने ते गावोगाव मीटर लावून मोजलं होतं. मी म्हटलं, अरे, घरातली वीज दोनशे तीस व्होल्टची असते, पुस्तकात छापलंय.

"पुस्तक कुठल्या गावचं हाय, बाई?" त्याने विचारलं.

मी वर जाऊन पुस्तक उघडून पाहिलं. त्यात भिवंडी कुठेच नव्हती.

तर एक दिवस त्याचा भाचा भूपेश रिक्षातून एक काळं खोकं घेऊन आला. भूपेश काल्हेरचा, बेंजो पार्टीत बास गिटार वाजवतो. इकडच्या हळदीत बेंजो पार्टी नसेल तर ती हळद पाहुणे मोजतच नाहीत: बेंजो, कीबोर्ड, ढोल, ताशे, आणि हल्ली बास. बास म्हणजे तो घुम्म आवाज, जो कानापेक्षा पोटाला आधी समजतो. त्या बासचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारं ते खोकं, याने जपानहून कुणाकडून तरी मागवला होता. तिथे जुने ॲम्प स्वस्त मिळतात आणि आवाज म्हणे इथल्या मालाच्या बापाला यायचा नाही. फक्त तिथली वीज शंभर व्होल्टची असते हे भूपेशला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने घरी नेला, नारळ फोडला, पिन सरळ भिंतीत खुपसली.

"दोन सेकंद काय वाजला, मामा," तो सांगत होता. "मग धूर."

नामाने तो ॲम्प चार दिवस उघडा ठेवून नुसता पाहिला. पाचव्या दिवशी जळलेलं सगळं बदललं आणि बाहेर लावायला एक पत्र्याचा डबा बनवला. डब्यात ट्रान्सफॉर्मर: एका बाजूने गावची वीज आत, दुसऱ्या बाजूने शंभर व्होल्ट बाहेर. भूपेशने गिटार जोडून एक तार छेडली. नामाने ॲम्पवर हनुवटी टेकवली, डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या आधी पाहिलेलं नव्हतं. पंचवीस वर्षांनी माणसाला काहीतरी ऐकू आलं होतं, हनुवटीतून का होईना.

"पोटात आला," तो म्हणाला.

माझ्या मांडणीवरचे डबेही तेव्हा वितीभर सरकले होते, ते त्याला दिसले नाहीत.

मग धंदाच सुरू झाला. भूपेश फोटो बघून ॲम्प पसंत करायचा, तिकडे ओसाकाकडच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी इंग्रजीत पत्र लिहायची, आणि कस्टमचे कागदही मीच भरायची. खोटी किंमत लिहा, ड्यूटी वाचेल, असं भूपेशने एकदाच सुचवलं. पुन्हा सुचवलं नाही. म्हाताऱ्याने एकदा विचारलं की तुमच्याकडे बास कुठल्या प्रकारच्या संगीतात वाजवतात. मी लिहिलं, नवऱ्या मुलाला हळद लावताना. मग त्याने एका ॲम्पसोबत आपल्या खर्चाने छोटा पंखा पाठवला, हळदीने गरम होत असेल असं त्याला वाटलं असावं. माल जपानहून न्हावा-शेव्याला वीस दिवसांत यायचा, आणि काल्हेरच्या गोदामातून आमच्या आळीत यायला ट्रॅफिकमुळे दोन दिवस लागायचे.

प्रत्येक ॲम्पला नामाचा एकच पहिला प्रश्न: कुठे वाजवणार? अंजूरला वाजणार असेल तर डबा अंजूरच्या लाईनचा, वडप्याला असेल तर वडप्याचा, शुक्रवारी असेल तर शुक्रवारचा. ज्यांच्या सुपाऱ्या गावोगावच्या, त्यांच्या डब्याला बटणं जास्त. आणि डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो पेन्सिलने गाव, वार आणि व्होल्ट लिहून ठेवायचा. असे एकवीस डबे त्याने बनवले. ठाण्यातले मेकॅनिक शिकून-सवरून जे डबे बनवत, त्यातले निम्मे पहिल्या हळदीत बसायचे. नामाचा एकही बसला नव्हता. उरणपासून मुरबाडपर्यंतच्या बेंजोवाल्यांना त्याचं नाव माहीत होतं, आणि नामा ते कुणी ओठांनी सांगितलं की लाजून कानाची पाळी चोळायचा.

आता त्याची बायको काशी. काशी धवलारीण. त्यांच्या समाजातल्या लग्नात भटजीइतकीच धवलारीण लागते. हळदीपासून प्रत्येक विधीला ती धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, गाऊन देवांना, पितरांना, गावाला मांडवात बोलावते. काशीचा आवाज मी तीनदा ऐकला होता आणि तिन्ही वेळा अर्धाच ऐकला होता, कारण बाजूला बेंजो चालू. अलीकडे तर ती नवरीच्या कानाशी तोंड नेऊन गायची, दोन हातांवरच्या बाईलाही ऐकू जायचं नाही. लोक आपले नाचत. तिला त्याचं दुःख होतं आणि ते ती लपवून ठेवणारी बाई नव्हे. घरात नवऱ्याने आणलेल्या प्रत्येक ॲम्पला तिने सवत म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय.

त्यांची एकुलती एक मुलगी नेत्रा, वडप्याच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते. तिचं लग्न तिथल्याच मनोजशी ठरलं. हळद अंजूरला, शुक्रवारी. काशी मला म्हणाली, "बाई, मला दुसरं काय नको. अर्धा तास गप्पगार मांडव पायजे. माझी पोर पाटावर बसंल तवा मी गाईन, आन ते सगळ्यांना ऐकाया जाईल. बस." शालू नको होता, दागिना नको होता. अर्धा तास शांतता, भिवंडी तालुक्यात, हळदीला. यापेक्षा हिऱ्याचा हार स्वस्त पडला असता.

मी मध्यस्थी करायला गेले. भूपेश म्हणाला, मॅडम, बेंजो एकदा थांबला की माहोल तुटतो, पाहुणे जेवायला पळतात, पुन्हा उभा राहत नाही. नेत्राला वाटे, आई गाऊ दे की, कोण नको म्हणतंय, बाजूला बेंजो वाजेल. मुलगी वाईट नाही, पण वडप्याची सगळी तरुण मंडळी येणार होती आणि मामेभाऊ-आतेभावांनी महिनाभर नाच बसवला होता. तिची हौस तरी कशी मोडायची? हे ऐकून काशीने जाहीर करून टाकलं की ती गाणारच नाही. "तीनशे पोरींना मी गाऊन हळद लावली. माझ्या पोरीच्या येळेला डबा गाईल."

शेवटी मी नामाला खुर्चीत बसवलं, समोर उभी राहिले आणि शाळेतल्यासारखं सांगितलं की तू बाप आहेस, बेंजोला अर्धा तास थांबायला सांग. तो म्हणाला, पोरीला नाही कसं म्हणू? मी विचारलं, मग काशीला कसं म्हणतोस? त्याने चष्मा काढून पुसला. चष्मा काढला की त्याला ओठ दिसत नाहीत, म्हणजे संभाषण संपलं. चष्मा परत लावून तो एवढंच म्हणाला की हळदीचा डबा फस्क्लास होणार. मला इतका संताप आला की आठवडाभर मी त्याच्याकडे चहा पाठवला नाही. त्या आठवड्यात रोज दुपारी खाली बास सुरू व्हायचा आणि पाऊण तासाने आपोआप बंद पडायचा. मला वाटलं, मेल्याला निदान माझ्या मांडणीची दया आली.

शुक्रवारी सव्वासहाला अंजूरच्या मांडवात बेंजो सुरू झाला. आता भूपेशची सगळीच सामग्री जपानी झाली होती, बास काय, कीबोर्ड काय, मिक्सर काय, सगळा संसार नामाच्या त्या एका डब्यावर. जमीन थरथरत होती. माझ्या हातातलं सरबत ग्लासात गोल गोल फिरत होतं. काशी मागच्या खोलीत तोंड फिरवून बसलेली. दुसरी धवलारीण बोलावली होती ती आली, मांडवातला आवाज ऐकला, पान खाल्लं आणि भिंतीला टेकून झोपली.

सातला नेत्राला पाटावर बसवलं, आणि सात वाजून पाच मिनिटांनी, ऐन नाचात, सगळं बंद. दिवे चालू, पंखे चालू, फक्त बेंजोचा कारभार ठप्प. ढोलवाल्यांनी मिनिटभर रेटलं, पण बास गेल्यावर त्यांनाही ते केविलवाणं वाटलं असावं; मटणाचा वास येतच होता, ते तिकडे वळले. भूपेश धावत आला. पिन सरळ बोर्डात घालायची त्याची हिंमत नव्हती, धूर त्याने एकदा पाहिला होता. त्याने मामाला डब्यापाशी ओढत नेलं. नामा नवे कपडे सांभाळत बसला, चष्मा शोधला, स्क्रूड्रायव्हर शोधला, पत्र्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तापलाय. माझी चूक. शुक्रवार इसरलो. थंड व्हायला अर्धा तास जाईल."

मग काय विचारता. जो तो त्याला बोलून घेऊ लागला. वडप्याकडच्या एका मावशींनी विचारलं, हाच का तो मोठा कारागीर. भूपेश जवळजवळ रडला. आणि काशी मागच्या खोलीतून ताडताड बाहेर आली नि भर मांडवात म्हणाली, "दुनियेचे डबे बांधलं. पोरीच्या हळदीला तरी नीट बांधायचा व्हता." नामा मान खाली घालून बसला. चष्मा मात्र त्याने काढला नव्हता.

पाटावरून नेत्राने आईचा पदर धरला. "आये, म्हण ना," ती म्हणाली.

काशी आधी नाही म्हणाली. मग खाली बसली. मग एकदा खाकरली आणि गायला लागली.

मी विज्ञानाची बाई, देवांना बोलावणं वगैरेवर माझा विश्वास नाही. पण काशीने आधी गावदेवीला बोलावलं, मग खाडीला, मग वाडवडिलांना, आणि मग शेतांना. एकेका शेताला तिने नावाने हाक मारली: मोठं खाचर, चिंचेचं, वांगडीचं, सासूबाईंचं. त्यातल्या एकाही जागी आज शेत नाही, तिथे गोदामं आहेत, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण ती त्यांनीच विकली होती. या गं, पोरीला हळद लावायला या, तुमचा तांदूळ खाऊन ती मोठी झाली, असं ती म्हणत होती. आधी म्हाताऱ्या रडल्या, मग सगळ्या. झोपलेली धवलारीण जागी होऊन रडली. मीही रडले, लपवत नाही. मध्येच माझी नजर नामाकडे गेली. स्क्रूड्रायव्हर हातात तसाच, आणि हा डब्याकडे पाठ करून बायकांकडे टक लावून बसलेला. मला त्याही अवस्थेत राग आला. म्हटलं, अरे बेअकली, तो डबा बघ.

पस्तीस मिनिटांनी नामाने काहीतरी दाबलं, लाल दिवा लागला, बास घुमला. आणि भूपेश म्हणत होता तसं काही झालं नाही; पाहुणे जेवण सोडून आले आणि दुप्पट नाचले. काशीही नाचली.

पण नामाचं नाव जे गेलं ते गेलं. गोष्ट उरण-मुरबाडपर्यंत पोहोचायला दोन दिवस लागले. आधी ठरलेले तीन ॲम्प ठाण्याच्या मेकॅनिककडे गेले. पुढचे चार महिने नवीन एकही आला नाही. भूपेशने तो डबा दुकानात आणून आदळला आणि मामाशी बोलणं टाकलं. नामा पुन्हा लूमच्या मोटरी भरत बसला. जपानच्या म्हाताऱ्याचं पत्र आलं की बऱ्याच दिवसांत मागणी नाही, सगळे कुशल ना. मी लिहिलं, सध्या लग्नसराई नाही.

मला एक गोष्ट राहून राहून खुपत होती. ज्या माणसाने भिंतीवर गावोगावचे शुक्रवार लिहून ठेवलेत, तो स्वतःच्या मुलीच्या हळदीचा शुक्रवार विसरतो? शाळेत बत्तीस वर्षं मी पोरांच्या थापा ऐकल्या आहेत. एका दुपारी तो तार आणायला गेला असताना मी खाली उतरले आणि तो डबा उघडला.

झाकणाच्या आत पेन्सिलने लिहिलं होतं: अंजूर, शुक्रवार, २५२.

त्याने काहीच विसरलं नव्हतं. वेढे मोजले, दोनदा भागाकार केला. दोनशे बावन्नला बरोबर शंभर. पण वायरच्या वाटेत, कोपऱ्यात, कापडी पट्टीखाली एक वस्तू होती जी बाकीच्या एकाही डब्यात नव्हती. लूमच्या मोटरवर असतो तो थर्मल. मोटरने ठरवल्यापेक्षा जास्त वीज ओढली की हा तापतो आणि लाईन तोडतो. थंड झाल्याशिवाय पुन्हा जोडू देत नाही. त्याचा काटा नामाने मुद्दाम खाली आणून ठेवला होता. आठवडाभर दुपारी पाऊण तासाने बास का बंद पडत होता, ते मला आता कळलं. तो हळदीची वेळ जुळवत होता.

नामा परत आला तेव्हा मी उघडा डबा मांडीवर घेऊन बसले होते. त्याने पाहिलं आणि हात चष्म्याकडे नेला. मी म्हटलं, खबरदार काढलास तर. तो हसला, मग समोरच्या स्टुलावर बसला.

"कुनाला बोलू नका, बाई. काशीला तर न्हायच. तिला कळलं तर तिला वाटंल, गानं तिचं नव्हतं, मी दिलेलं व्हतं."

मी भडकले. त्याला म्हटलं, एकवीस डब्यांत कमावलेलं नाव तू पस्तीस मिनिटांत घालवलंस. भूपेश बोलत नाही, गिऱ्हाईक येत नाही, पोरंटोरं हसतात. तो म्हणाला, पोरीला नाचही पाहिजे होता, बायकोला गाणंही पाहिजे होतं. कुणाला नाही म्हणण्यापेक्षा डबा बिघडलेला बरा. पुढचा नीट चालला की लोक विसरतील.

"आणि तुला काय मिळालं रे?" मी विचारलं. "ज्याच्यासाठी एवढं केलंस त्यातलं तुला एक अक्षर ऐकू आलं नाही."

"न्हाय आलं," तो म्हणाला. "मी बायकांकडं बघत व्हतो. एकजात सगळ्या रडत व्हत्या. म्हटलं, म्हंजे लय चांगली गात असंल."

मी डबा खाली ठेवला, खुर्ची त्याच्या समोर ओढली, आणि काशीने कुणाकुणाला बोलावलं ते त्याला पहिल्यापासून सांगितलं, गावदेवीपासून सासूबाईंच्या खाचरापर्यंत, सावकाश, ओठ नीट हलवून.